न्यायाची मुदत आणि आपली गाफिली



२०२२ साली एक गृहस्थ माझ्याकडे आले. सरकारी कचेरीत लिपिक, सेवानिवृत्तीस दोन वर्षे उरलेली. हातात कापडी पिशवी आणि पिशवीत अकरा अर्जांच्या प्रती, तारखेवार लावलेल्या. १ जून २०१६ रोजी त्यांच्याहून कनिष्ठ असलेल्या इसमास बढती मिळाली व यांना डावलण्यात आले. त्यांच्या कामाविषयी एकही वाईट शेरा त्यांना कधी कळविलेला नव्हता. २० जून रोजी त्यांनी पहिला अर्ज दिला. उत्तर आले नाही. मग दुसरा दिला, तिसरा दिला. साहेब बदलले की नव्या साहेबांच्या नावे नवा अर्ज. प्रत्येक साहेब 'पाहू' म्हणाले. अकराव्या अर्जाला मात्र लेखी उत्तर आले की, विनंती मान्य करता येत नाही. ते उत्तर पुढे करून गृहस्थ म्हणाले, "वकीलसाहेब, आता नकार हाती आला. आता दावा लावू या."

मला त्यांना सांगावे लागले की, त्यांचा दरवाजा २० डिसेंबर २०१७ रोजीच बंद झाला. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग एवढेच म्हणाले, "पण मी गप्प बसलो नव्हतो ना?"

हा प्रश्न मी विसरू शकलेलो नाही. तो एकट्या त्या गृहस्थांचा नाही. आपल्या समाजातील शेकडो घरांतून पहिली पिढी सरकारी नोकरीत आहे, आणि अन्याय झाला असता अर्ज करीत राहणे म्हणजेच लढणे, अशी तिची प्रामाणिक समजूत आहे. ती समजूत कायद्यापुढे टिकत नाही. म्हणूनच हा लेख.

कायदा काय म्हणतो ते प्रथम नीट समजून घ्यावे. संविधानाच्या सोळाव्या कलमाने सरकारी नोकरीत धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान व निवास यांवरून भेद करण्यास मनाई केली आहे. हा हक्क मूलभूत आहे. परंतु तो बजावून घेण्याचा रस्ता १९८५ च्या प्रशासकीय न्यायाधिकरण कायद्यातून जातो. केंद्र सरकारच्या नोकरांसाठी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण आहे. महाराष्ट्र शासनाच्या नोकरांसाठी १९९१ पासून महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण असून ते मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे बसते. या कायद्याचे विसावे कलम सांगते की, सेवानियमांत अपील वा अभिवेदनाची जी सोय असेल ती आधी वापरा. एकविसावे कलम सांगते की, अंतिम हुकूम झाल्यापासून एका वर्षाच्या आत न्यायाधिकरणाकडे या. अपील वा अभिवेदन दिले व त्यावर सहा महिन्यांत निर्णयच झाला नाही, तर ते सहा महिने संपल्यापासून एक वर्ष. म्हणजे सरकार मुके राहिले तरी अर्जाच्या दिवसापासून अठरा महिन्यांत तुमचा दावा दाखल झालाच पाहिजे. माझ्या त्या पक्षकाराचा हिशेब याच रीतीने २० डिसेंबर २०१७ वर येऊन थांबला होता.

मग उरलेल्या दहा अर्जांचे काय? १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी एस. एस. राठोड यांच्या प्रकरणात स्पष्ट केले की, कायद्याने ज्यांची तरतूद केलेली नाही असे अर्ज पुनःपुन्हा केल्याने मुदत वाढत नाही. २००८ साली सी. जेकब यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटले की, शिळ्या मागणीला अधिकाऱ्याने उत्तर दिले म्हणून मेलेला दावा पुन्हा जिवंत होत नाही. तेव्हा अकराव्या अर्जाचे जे उत्तर आमच्या बंधूंनी जपून आणले होते, त्याची किंमत शून्य होती.

कोणी म्हणेल, आम्ही अनुसूचित जाती आयोगाकडे गेलो होतो. अवश्य जावे. संविधानाच्या ३३८ व्या कलमाने त्या आयोगास चौकशीचे अधिकार दिले आहेत. पण मनाई हुकूम काढण्याचा अधिकार आयोगास नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली ठरविले आहे. आणि आयोगाकडे अर्ज पडून असता एकविसाव्या कलमाची मुदत थांबते, असे कायद्यात कोठेही लिहिलेले नाही. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली फिर्याद दिली, तरी बढतीच्या दाव्याचे दिवस सरतच राहतात.

अपवाद आहे, पण तो अरुंद आहे. चुकीच्या वेतननिश्चितीमुळे दरमहा कमी पगार मिळत असेल, तर दर महिन्यास नवा अन्याय घडतो असे न्यायालये मानतात. तरसेम सिंग यांच्या २००८ च्या प्रकरणात हे तत्त्व सांगितले गेले. मात्र थकबाकी सामान्यतः दावा दाखल करण्यापूर्वीच्या तीन वर्षांचीच मिळते. बढती व ज्येष्ठता यांना हा अपवाद लागत नाही, कारण तेथे मधल्या काळात दुसऱ्या माणसांचे हक्क पक्के झालेले असतात.

आता आपल्या मनाकडे वळू. आपण अर्ज का करीत बसतो? अज्ञान हे एक कारण झाले. त्याखाली दुसरे कारण दडलेले आहे. 'मायबाप सरकार' म्हणून हात जोडण्याची पिढ्यान्पिढ्यांची सवय अजून अंगातून गेलेली नाही. साहेब रागावतील, बदली करतील, गोपनीय अहवाल बिघडवतील, ही भीती खोटी नाही. मी तिला हसणार नाही. पण 'साहेब चांगले आहेत, करतील काहीतरी' या आशेत जे दिवस जातात, ते सरकारच्या खात्यात जमा होतात. बाबासाहेबांनी आपल्याला दया मागावयास शिकविले नाही. महाडच्या तळ्याचा दावा १९२७ पासून १९३७ पर्यंत चालला व शेवटी मुंबई हायकोर्टात निकाल आपल्या बाजूने लागला. लढाईस दहा वर्षे लागली तरी चालेल. पण ती न्यायालयात उभी असली पाहिजे, साहेबांच्या टेबलावर पडलेली नव्हे.

धर्मांतरित कुटुंबांच्या मनातील आणखी एक शंका दूर करावयास हवी. 'आम्ही बौद्ध झालो, मग जातीवरून झालेल्या अन्यायाची तक्रार कशी करावी?' असे मला विचारले जाते. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींमधून बौद्ध झालेल्यांनाही केंद्राने अनुसूचित जातींत मान्यता दिली आहे. धम्म स्वीकारल्याने तुमची तक्रार दुबळी होत नाही. उलट धर्मावरून भेद झाला, तर तोही सोळाव्या कलमाचाच भंग आहे.

इतके सांगून कायद्याचा कैवार घ्यावा, असे मला मुळीच वाटत नाही. उसने दिलेल्या पैशाच्या वसुलीसाठी १९६३ चा मुदतीचा कायदा तीन वर्षे देतो. माणसाला जातीवरून मागे टाकले, तर मात्र एक वर्ष! पैसे बुडाले हे सावकाराला लगेच कळते. भेदभाव तसा दिसत नाही. तो बैठकीच्या इतिवृत्तात, ज्येष्ठतेच्या यादीत, कोणी न दाखविलेल्या शेऱ्यात लपलेला असतो. गोपनीय अहवालातील प्रत्येक शेरा नोकरास कळविलाच पाहिजे, हे देव दत्त यांच्या प्रकरणात ठरावयास २००८ साल उजाडले. मुदत असू नये असे मी म्हणत नाही. ज्यांना बढती मिळाली त्यांनाही कधीतरी स्वस्थता हवी. माझी मागणी एवढीच आहे की, नोकरास डावलणाऱ्या प्रत्येक हुकुमाच्या खाली दाद कोठे मागावी व किती दिवसांत मागावी हे मराठीत छापावे, आणि ते छापलेले नसेल तर उशिराचा दोष नोकराच्या माथी मारू नये. एकविसाव्याच कलमात 'पुरेसे कारण' असल्यास उशीर माफ करण्याची मुभा आहे. कनिष्ठ नोकराचे भय आणि दडवलेला कागद यांहून पुरेसे कारण ते कोणते?

पण कायदा बदलेपर्यंत आहे त्याच कायद्याने चालावे लागेल. म्हणून पुढील गोष्टी घरातील सर्वांनी ध्यानात ठेवाव्यात. हुकूम हाती येईल त्याच दिवशी त्यावर मिळाल्याची तारीख लिहावी. अर्ज एकच करावा, सेवानियमाचा आधार देऊन, आणि आवक विभागाचा शिक्का असलेली पोच घ्यावी. केंद्राच्या नोकरांना १९६५ च्या नियमांखाली शिक्षेविरुद्ध अपिलास ४५ दिवस मिळतात, आणि त्या नियमांहून वेगळ्या आदेशांखाली वार्षिक अहवालातील शेऱ्याविरुद्ध अभिवेदनास १५ दिवस मिळतात. राज्याच्या नोकरांनी १९७९ चे शिस्त व अपील नियम पाहावेत. कागद दडवला असेल तर २००५ च्या माहिती अधिकाराखाली तो मागावा. सामान्यतः ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. सहा महिने मोजावेत, आणि सातव्या महिन्यात साहेबांकडे न जाता वकिलाकडे जावे. फीची चिंता करू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने अनुसूचित जातीच्या व्यक्तीस उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा परिषद व महानगरपालिका यांच्या नोकरांना महाराष्ट्र न्यायाधिकरणाऐवजी सामान्यतः हायकोर्टात जावे लागते. तेथे वर्षाची रेघ नसली तरी उशीर तितकाच घातक ठरतो. नोकरी करणाऱ्या भगिनींनी हेही लक्षात ठेवावे की, लैंगिक छळाच्या तक्रारीस २०१३ च्या कायद्याने तीन महिनेच दिले आहेत. कारण पटल्यास समिती ते आणखी तीन महिन्यांपर्यंत वाढवू शकते.

घरात शिकलेला मुलगा वा मुलगी असेल, तर त्यांनी आपल्या आईवडिलांच्या कचेरीचे कागद एकदा उघडून तारखा पाहाव्यात. भगवान बुद्धांनी अप्रमादाला फार मोठे स्थान दिले आहे. गाफील न राहणे हा त्याचा साधा अर्थ आहे, आणि तो सरकारी कागदालाही लागू पडतो.

त्या गृहस्थांचा विलंब माफ व्हावा म्हणून आम्ही अर्ज केला. तो फेटाळला गेला. ते लिपिक म्हणूनच निवृत्त झाले. त्यांची पिशवी अजून माझ्या कपाटात आहे. दुसरी तशी पिशवी कोणी माझ्याकडे आणू नये, एवढीच माझी तुम्हांला विनंती.

जय भीम.