काठाला लागलेला माणूस

घाटावरून / घाटकरी

२ ऑगस्ट २०१६ हा दिवस नाशिककरांच्या लक्षात राहिला तो गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीमुळे. पाणी मारुतीच्या कमरेला आलं, छातीला आलं, डोक्यावरून गेलं, असं मोजत अख्खं शहर गोदाकाठच्या मिळेल त्या गच्चीवर उभं होतं. त्याच रात्री साडेअकराच्या सुमारास सह्याद्रीच्या पलीकडे, महाडजवळ, सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळातला पूल कोसळला. दोन एसटी गाड्या आणि एक तवेरा पुरात गेली. आपला पूर ओसरला, दुकानदारांनी चिखल उपसला, गोष्ट संपली. सावित्रीचा पूर मात्र कोकणच्या किनाऱ्यावर पुढं कितीतरी दिवस उतरत होता.

गाड्या सापडायला आठवड्याहून अधिक काळ लागला आणि सापडल्या त्या पुलापासून काही फार लांब नव्हत्या. माणसं तोवर खाडीतून समुद्रात गेली होती. कुणी हरिहरेश्वरच्या बाजूला लागलं. एक देह तर थेट दापोली तालुक्यातल्या आंजर्ल्याला मिळाला, म्हणजे महाडपासून पाण्याच्या वाटेनं शंभरेक किलोमीटरवर. गाडी इथं आणि माणूस तिथं, हे कसं? सावित्रीत मगरी आहेत, शोधपथकांनाही त्यांची धास्ती होती. तेव्हा लोकांच्या बोलण्यात मगरी आल्या नसत्या तरच नवल. उत्तर साधं होतं. पावसाळ्यात आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतो. बाणकोटच्या, म्हणजे सावित्रीच्याच, खाडीतून बाहेर पडलेली वस्तू वाटेत केळशी ओलांडून आंजर्ल्याकडे सरकणार. नैऋत्येच्या लाटा तिला सारख्या किनाऱ्याकडे ढकलत राहणार. किनाऱ्यावरची जुनी माणसं म्हणतात की समुद्र काही ठेवून घेत नाही. पावसाळ्यापुरतं तरी ते बरंच खरं आहे.

मला या साध्या उत्तरांबद्दल लिहायचं आहे, कारण ती कुणाला आवडत नाहीत.

काठाला काही लागलं की पहिल्या तासात गोष्ट तयार होते आणि ती नेहमी सर्वांत भयंकर असते. १८ ऑगस्ट २०२२ ला हरिहरेश्वरच्या किनाऱ्यावर एक रिकामी बोट लागली. आत तीन एके-४७ रायफली. ऐन दहीहंडीच्या तोंडावर राज्यभर नाकाबंदी, दूरचित्रवाणीवर २६/११ ची जुनी दृश्यं, आणि ‘बोटीतली माणसं उतरून कुठं गेली’ हा एकच प्रश्न. संध्याकाळच्या आत विधानसभेत खुलासा झाला: ‘लेडी हान’ नावाची ती नौका एका ऑस्ट्रेलियन महिलेच्या मालकीची. जूनच्या अखेरीस ओमानजवळ इंजिन बंद पडलं, खलाशांना कोरियाच्या युद्धनौकेनं वाचवलं, भरती-ओहोटी आणि वाऱ्यावर सोडलेली नौका अरबी समुद्र ओलांडून आपल्याकडे आली. पोलिसांनी सावध राहणं बरोबरच होतं. पण खुलासा आल्यावर अनेकांचा चेहरा जरा पडलाच, हेही खरं.

या स्वभावाचं सर्वांत मोठं प्रदर्शन कॅनडात भरलं. ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर, जेडेडाया नावाच्या बेटावर, ऑगस्ट २००७ मध्ये एक बूट सापडला आणि बुटात माणसाचं पाऊल. काही दिवसांत शेजारच्या बेटावर दुसरं. मग तिसरं, चौथं. गेल्या दीड दशकात तिथं आणि लगतच्या अमेरिकी किनाऱ्यावर मिळून अशी वीसहून अधिक पावलं लागली, जवळजवळ सगळी स्पोर्ट्स शूजमधली. जगभरच्या पत्रकारांना पर्वणी. माथेफिरू खुनी, टोळीयुद्ध, २००४ च्या त्सुनामीतले मृत, पडलेलं विमान, असे नाना तर्क झाले. २००८ मध्ये एका महाभागानं जनावराचा पंजा मोज्यात घालून, बुटात शेवाळ कोंबून तो किनाऱ्यावर ठेवला. गोष्ट पुरत नाही म्हणून माणूस पुरावाही पुरवतो तो असा.

न्यायवैद्यक तज्ज्ञांनी पावलं तपासली तेव्हा कापल्याची खूण कुठंच नव्हती. पाण्यात देह तळाशी गेला की खेकडे, कोळंबीसारखे जीव मऊ भागांपासून सुरुवात करतात, आणि घोट्याच्या सांध्याभोवती तेच असतं: स्नायुबंध आणि कातडी. पाऊल आपोआप सुटं होतं. पूर्वीही होत असणार, पण चामड्याच्या जड बुटासकट ते तळाशीच राहायचं. अलीकडचे बूट हलक्या फोमचे, तळव्यात हवा भरलेले. ते तरंगतात. बुटाच्या आत पाऊल सुरक्षित राहतं, थंड पाण्यात चरबीचं साबणासारखं मेण होतं आणि हाडं त्यात टिकतात. तो समुद्रही सगळीकडून वेढलेला, त्यामुळं तरंगणारी वस्तू बाहेर न जाता फिरून काठालाच येते. सायमन फ्रेझर विद्यापीठातल्या गेल अँडरसन यांनी डुकरांचे मृतदेह समुद्राच्या तळाशी ठेवून, कॅमेरे लावून, त्यांचं काय होतं ते महिनोन्‌महिने पाहिलं. वाचायला किळसवाणं, पण उत्तर तिथून मिळालं. पावलांच्या मालकांपैकी बहुतेकांची नावंही पुढं कळली. कुणी जीव दिलेला, कुणाचा अपघात झालेला. घरचे वर्षानुवर्षं वाट पाहत होते. खुनी शोधणाऱ्या कुणालाही या घरांमध्ये फारसा रस नव्हता.

आपल्याकडं असा प्रसंग २०२१ च्या मे महिन्यात आला आणि तो किती वेगळ्या तऱ्हेनं हाताळला गेला, हे पाहण्यासारखं आहे. तौक्ते वादळात १७ मे रोजी पी-३०५ हा तराफा, म्हणजे तेलक्षेत्रावरच्या कामगारांची तरंगती वसाहत, नांगर तुटून भरकटला आणि मुंबईपासून सत्तरेक किलोमीटरवर बुडाला. त्यावर २६१ माणसं. त्याच वादळात ‘वरप्रदा’ ही टगबोटही गेली, तिच्यावर १३. या २७४ पैकी १८८ वाचली. नौदलानं समुद्रातून देह काढले, आणि मग काही दिवसांनी मांडवा, अलिबाग, मुरूडच्या किनाऱ्यांवर देह लागू लागले. त्याच वेळी गुजरातेत वलसाडलाही. एकाच वादळातले काही देह दक्षिणेला, काही उत्तरेला, दोन राज्यांत. इथं समुद्राबद्दल कुणी गूढ बोललं नाही, कारण कोण बेपत्ता आहे त्याची यादी हातात होती. प्रश्न एवढाच की कोणता देह कुणाचा. पाण्यात राहिलेल्या चेहऱ्यावरून ते सांगता येईना, म्हणून नातेवाइकांचे रक्तनमुने घेतले आणि कलिन्याच्या प्रयोगशाळेत डीएनए जुळवला. १७ जुलै १९४७ ला, आषाढी अमावस्येला, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली तेव्हा सहाशेहून अधिक माणसं गेली. त्या वेळी ओळख पटवायला नातेवाइकांचे डोळे, अंगावरचे कपडे आणि दागिने यांपलीकडे काहीच नव्हतं.

तराफ्याच्या वेळी यादी होती म्हणून काम झालं. यादी नसते तेव्हा काय होतं, ते बघायला कोकणात जायची गरज नाही. आपली नदी पुरेशी आहे.

त्र्यंबकेश्वराहून अरबी समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत आहे. तरी गोदावरी त्याच्याकडे पाठ फिरवून १४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते. एवढ्या लांब नाशिकचं काही पोचत नाही. वाटेत नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा आहे, पुढं पैठणचा नाथसागर आहे. गंगापूर धरणाखालून दसक-पंचकपर्यंत नदीत उतरलेला, पडलेला, वाहून गेलेला माणूस जलपर्णीत, पुलाच्या खांबाशी, नाही तर बंधाऱ्याच्या दारांशी अडकतो. उन्हाळ्याच्या कोमट पाण्यात तो दोन-तीन दिवसांत फुगून वर येतो. खोल गार पाण्यात आठवडे लागतात, कधी येतच नाही. तोवर तो शहर पोलीस आयुक्तालयाची हद्द ओलांडून ग्रामीणमध्ये जातो, निफाडमध्ये जातो, पूर मोठा असला तर पुढं कोपरगावच्या बाजूला. नांदूर मध्यमेश्वरच्या खाली काही अंतर नदीच दोन जिल्ह्यांची सीमा आहे: एक काठ अहिल्यानगरचा, दुसरा छत्रपती संभाजीनगरचा. देह कोणत्या काठाला लागला यावर कोणतं ठाणं पंचनामा करणार हे ठरतं. ‘मिसिंग’ची नोंद पंचवटीत, अकस्मात मृत्यूची नोंद तीन तालुके खाली. दोन्ही कागद खरे, दोन्ही कागद एकमेकांना अनोळखी.

मग वर्तमानपत्रात आतल्या पानावर ती चार ओळींची बातमी येते. अनोळखी पुरुष, वय अंदाजे ४० ते ४५, बांधा मध्यम, अंगात निळा फुल शर्ट, कमरेला काळा करदोडा. मी ही बातमी कधी ओलांडत नाही, आणि तिच्यात काय नाही ते आधी बघतो. शर्टाच्या कॉलरवर शिंप्याचं लेबल असतं, त्यावर दुकान आणि गाव असतं. ते कधी दिलेलं असतं, बहुतेकदा नसतं. हातावर गोंदलेलं नाव असतं. दातांबद्दल जवळजवळ कधीच काही नसतं, आणि दात तर सर्वांत शेवटपर्यंत टिकतात. ‘वय अंदाजे’ हा शब्द तर इतका सैल की त्यात अर्धं नाशिक बसेल.

हाडं एवढी सैल बोलत नाहीत. कटिभागावरून पुरुष की स्त्री ते कळतं, मांडीच्या हाडाच्या लांबीवरून उंची काढता येते, दातांवरून आणि हाडांची टोकं सांधली आहेत की नाहीत यावरून वय. माणूस पाण्यात पडण्याआधी जिवंत होता का, यासाठी हाडाच्या मगजात डायटम शोधतात. हे पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ. श्वास चालू असेल तर ते फुप्फुसातून रक्तात आणि रक्तातून मगजात पोचतं. ज्या पाण्यातून देह काढला तिथलं शेवाळ आणि मगजातलं शेवाळ जुळलं नाही, तर माणूस दुसरीकडेच बुडाला असावा, असा संशय घेता येतो. दाढेतून किंवा मांडीच्या हाडातून डीएनए मिळतो. पण डीएनए म्हणजे निम्मीच पावती. दुसरी निम्मी बेपत्ता माणसाच्या आईकडे, मुलाकडे असते. ती कुणी मागितलीच नाही, तर प्रयोगशाळेनं कितीही उत्तम काम केलं तरी अहवाल कपाटात जातो.

प्रयोगशाळा नसल्याची तक्रार नाशिकला करता येणार नाही. प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा इथं आहे. महाराष्ट्र पोलीस अकादमी त्र्यंबक रस्त्यावर आहे, राज्याचे फौजदार तिथंच घडतात. आरोग्य विज्ञान विद्यापीठही इथलंच. अडचण कायद्यात आहे. बेपत्ता माणसं आणि अनोळखी मृतदेह यांचे डीएनए एका राष्ट्रीय सूचीत ठेवून जुळवावेत, यासाठी लोकनीती फाउंडेशननं २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली. २०१८ मध्ये केंद्रानं विधेयक आणतो असं सांगितलं आणि याचिका निकाली निघाली. विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आलं, स्थायी समितीकडे गेलं, जुलै २०२३ मध्ये मागं घेतलं गेलं. त्यात संशयितांच्या डीएनएबद्दलच्या तरतुदी होत्या, त्यावरचे आक्षेप रास्तच होते. पण बेपत्तांची सूची त्या वादातून वेगळी काढून मंजूर करायला कुणाची हरकत असती, असं मला वाटत नाही. स्वतःहून नमुना देणाऱ्या आईच्या खासगीपणाचं कोणतं उल्लंघन होणार होतं?

पहिल्या तासात तयार होणाऱ्या गोष्टींकडे परत यायचं, तर अशा सगळ्या तर्कांचं अंतिम ठिकाण म्हणजे रूपकुंड. उत्तराखंडातल्या त्या तळ्याकाठची शेकडो माणसांची हाडं १९४२ पासून चर्चेत आहेत. जपानी सैनिक, जोरावरसिंगाचं हरवलेलं सैन्य, देवीच्या कोपानं मेलेले यात्रेकरू, सगळं सांगून झालं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातले सुभाष वाळिंबे यांच्यासारख्या मानवशास्त्रज्ञांनी ती हाडं तपासली. २०१९ मध्ये ३८ जणांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात २३ जण भारतीय उपखंडातले, साधारण हजार-बाराशे वर्षांपूर्वीचे, आणि १४ जण पूर्व भूमध्य भागातले, ते अवघ्या दोनशे वर्षांपूर्वीचे. हिमालयात ग्रीसकडची माणसं काय करत होती? हा प्रश्न कुणाही तर्कबहाद्दराला सुचला नव्हता. तो हाडं तपासल्यावरच पडला.

२०२७ च्या सिंहस्थाची तयारी सुरू आहे. घाट, पूल, कॅमेरे, जीवरक्षक, सगळ्याची आकडेवारी येते. येणारा भाविक बिहारचा असेल, तेलंगणाचा असेल, त्याच्या घरी मराठी वर्तमानपत्र जात नाही आणि आतल्या पानावरच्या त्या चार ओळी त्याच्या मुलाला कधीच दिसणार नाहीत. आराखड्यात शीतशवागार किती, अनोळखी देहाचे दात आणि डीएनए जपून ठेवायची जबाबदारी कोणत्या अधिकाऱ्यावर, आणि इतर राज्यांच्या ‘मिसिंग’ नोंदींशी ते कोण जुळवणार, हे प्रशासनानं आताच जाहीर करावं. पर्वणी झाल्यावर विचारून उपयोग नाही.

घरचं कुणी बेपत्ता असेल तर काय करायचं, तेही लिहून ठेवतो. चोवीस तास थांबा असं ठाण्यात सांगितलं तर तसा नियम नाही, तक्रार लगेच घ्यावी लागते. पासपोर्ट साइजच्या गंभीर फोटोबरोबर दात दिसतील असा हसरा फोटो द्यावा. दातांच्या डॉक्टरकडचा एक्स-रे, हाडात बसवलेली पट्टी वा स्क्रू असतील तर त्या ऑपरेशनचे कागद, गोंदण, बुटाचा नंबर, शिंप्याचं नाव, सगळं तक्रारीत लिहून घ्यावं आणि पोच मागावी. घरातल्या जवळच्या माणसाचा डीएनए नमुना घ्या, असा लेखी अर्ज सोबत जोडावा. देह मिळालाच नाही तर सात वर्षं काही खबर नसल्याचं दाखवावं लागतं, तेव्हा कुठं कायदा मृत्यू धरून चालतो. तोवर विमा, पेन्शन, सातबाऱ्यावरचं नाव सगळं अडकून पडतं. त्या सात वर्षांत ही पोच आणि हा अर्ज पुन्हा पुन्हा लागतो.

— घाटकरी