यंत्रातून उतरलेला मुलगा

खोलीभर यंत्रांचे सुटे भाग विखुरलेले आहेत आणि त्यांच्या मधोमध पंधरा वर्षांचा एक मुलगा मान खाली घालून बसला आहे. बाहेर स्थलांतराचा इशारा होऊन गेला, तरी त्याला त्याचा पत्ता नाही. शेजारची फ्राऊ बो ही मुलगी येऊन त्याला हलवते, तेव्हा कुठे तो अंगात कपडे चढवतो. ‘मोबाइल सूट गंडम’ या जपानी ॲनिमे मालिकेचा नायक आमुरो रे प्रेक्षकांना प्रथम दिसतो तो असा.

या मालिकेचा पहिला भाग ७ एप्रिल १९७९ रोजी जपानमध्ये प्रसारित झाला. माणसाने आत बसून चालवावयाच्या महाकाय यंत्रमानवाला तिकडे ‘मेका’ म्हणतात. अशा यंत्रमानवांच्या कथा जपानी मुलांना नवीन नव्हत्या. १९७२ मधील ‘माझिंगर झेड’ने त्यांना वेड लावले होते. त्या कथांतील नायक धाडसी असे, शत्रू दुष्ट असे आणि विजय ठरलेला असे. दिग्दर्शक योशियुकी तोमिनो यांनी मात्र आपल्या मालिकेसाठी एक बुजरा, एकलकोंडा, घाबरणारा मुलगा निवडला. त्याच्या शत्रुपक्षातही मित्रांसाठी रडणारी माणसे ठेवली.

कथेतील काळ दूरच्या भविष्यातला आहे. माणसे अंतराळातील प्रचंड वसाहतींत राहू लागली आहेत. त्यांपैकी एका वसाहतीने स्वतःला झिऑन असे नाव घेऊन पृथ्वीच्या सत्तेविरुद्ध युद्ध पुकारले आहे. जेमतेम महिनाभराच्या संहारात दोन्ही बाजूंची निम्मी लोकसंख्या नष्ट झाली आहे. आमुरोचे वडील टेम रे हे अभियंते आहेत आणि ‘गंडम’ हे नवे युद्धयंत्र त्यांच्या देखरेखीखाली तयार झाले आहे.

पहिल्याच भागात एक लहानसा प्रसंग येतो. टेम रे एका तरुण अधिकाऱ्याशी बोलत असतात. गंडमसारखी यंत्रे मोठ्या संख्येने तयार झाली, की कोवळ्या तरुणांना रणात उतरावे लागणार नाही, अशी त्यांची आशा आहे. मेजावर त्यांच्या मुलाचे छायाचित्र आहे. याच वयाची मुले कुठे कुठे लढत असल्याचे त्यांच्या कानावर आले आहे, आणि त्याचे त्यांना मनापासून वाईट वाटते. पुढे काही वेळातच त्यांचा स्वतःचा मुलगा त्याच यंत्रात बसणार असतो.

झिऑनचे सैनिक वसाहतीवर हल्ला करतात, तेव्हा वडील निर्वासितांपेक्षा गंडमचे भाग हलवण्याच्या घाईत आहेत. माणसांपेक्षा यंत्र मोठे आहे का, असा मुलाचा त्यांना सवाल असतो. त्याचे उत्तर त्याला मिळत नाही. डोळ्यांदेखत फ्राऊची आई आणि आजोबा मरण पावतात. तेव्हा तो यंत्राची माहितीपुस्तिका हाती घेऊन गंडममध्ये चढतो. पहिल्या शत्रुयंत्राचा स्फोट होऊन वसाहतीच्या भिंतीला भगदाड पडते आणि त्यातून टेम रे अंतराळात फेकले जातात. मुलाला हे ठाऊकही नसते. दुसऱ्या यंत्राचा स्फोट होऊ नये म्हणून तो नेमका चालकाच्या जागीच वार करतो. यंत्र वाचवून आतल्या माणसाला मारावयाचे, हा युद्धातील धडा तो पहिल्याच दिवशी शिकतो.

यापुढे सर्वांना त्याच्या कौशल्याची गरज आहे. तो थकून लढण्यास नकार देतो, तेव्हा ‘व्हाइट बेस’ या जहाजाचा कप्तान ब्राइट त्याला थप्पड मारतो. हा कप्तानही अवघा एकोणीस वर्षांचा आहे. पुढे पृथ्वीवर त्याची आईशी भेट होते. शोध घेत आलेल्या शत्रुसैनिकावर तो तिच्यादेखतच गोळी झाडतो. आईला आपला मुलगा ओळखू येत नाही आणि मुलाला आईचा धक्का समजत नाही. सैनिकी सलाम करून तो निघून जातो.

वडिलांची भेट तर याहून विदारक आहे. प्राणवायूच्या अभावाने टेम रे यांच्या बुद्धीवर परिणाम झालेला असतो. भेटीला आलेल्या मुलाच्या हाती ते मोठ्या अभिमानाने गंडमसाठी एक भाग ठेवतात. तो भाग कधीच कालबाह्य झालेला असतो. मुलगा रस्त्यात तो फेकून देतो आणि रडतो. वडिलांची माया यंत्राच्या वाटेने आली, आणि तीही उशिरा.

आमुरोच्या अंगी हळूहळू एक वेगळी शक्ती जागी होते. शब्दांवाचून दुसऱ्याचे मन जाणणाऱ्या अशा माणसांना मालिकेत ‘न्यूटाइप’ म्हटले आहे. पण ज्या मुलीशी त्याचे मन असे जुळते, ती कपाळावर टिकली लावणारी लाला, शत्रुपक्षात असते आणि त्याच्याच हातून मरते. हे दुःख त्याला आयुष्यभर सोडत नाही.

खेळण्यांची विक्री आणि प्रेक्षकसंख्या अपेक्षेइतकी न झाल्याने ५२ भागांची ही मालिका ४३ भागांत आटोपती घ्यावी लागली. शेवटच्या भागात गंडमचे शीर आणि हात तुटून गेले आहेत. जळत्या किल्ल्यात सापडलेल्या सोबत्यांना आमुरो याच शक्तीने एकेकाला बाहेर पडण्याची वाट दाखवतो. मग उरलेसुरले यंत्रही मागे टाकून तो पोकळीतून त्यांच्या लहानशा होडीकडे झेपावतो. सोबती हात पसरून उभे असतात. परतण्यासाठी आपल्याला अजून जागा आहे, एवढाच त्याचा आनंद. माणसे मोठी की यंत्र, हा वडिलांना विचारलेला प्रश्न त्याने स्वतःपुरता सोडवलेला असतो.

पुनःप्रसारण, प्लास्टिकच्या प्रतिकृती आणि १९८१-८२ मधील तीन चित्रपट यांमुळे या मालिकेला पुढे अफाट लोकप्रियता लाभली. २००९ मध्ये टोकियोतील ओदाइबा येथे गंडमचा १८ मीटर उंचीचा, पूर्ण आकाराचा पुतळा उभारला गेला आणि तो पाहण्यासाठी आईवडील मुलांना घेऊन लोटले. पुतळा यंत्राचा होता. ते चालवणाऱ्या मुलाच्या हुशारीचा उपयोग मालिकेतील बहुतेक थोरांनी केला. तो कुठे बसला आहे, कसा आहे, हे पाहायला खोलीत मात्र शेजारची एक मुलगीच आली होती.