दोन खोल्या, एक वायर



शेजारच्या खोलीतल्या माणसाला निरोप द्यायला कुणी पोस्टात पत्र टाकतं का? संगणकाच्या बाबतीत मात्र आपण हेच करतो. पुढच्या खोलीतल्या संगणकावरची फाइल मागच्या खोलीत न्यायची, तर आधी ती इंटरनेटवरून कुठल्यातरी परमुलखातल्या सर्व्हरवर चढवायची आणि तिथून पुन्हा उतरवायची. आमच्या अंकुशनगरात नेट गेलं की तेही बंद!

माझं म्हणणं साधं आहे. घरातली गोष्ट घरातल्या घरात न्यायला एक वायर पुरते, आणि ती घरी बनवता येते.

या वायरीत आठ तारा असतात. दोन-दोनच्या चार जोड्या, प्रत्येक जोडीला पीळ घातलेला. पीळ कशासाठी? बाहेरचा विद्युत गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच पडावा आणि वजा होऊन जावा म्हणून. टेलिफोनसाठी या युक्तीचं पेटंट ग्रॅहम बेल यांनी १८८१ मध्ये घेतलं होतं, बरं का! दोन्ही टोकांना आरजे-४५ कनेक्टर चिमट्याने दाबून बसवायचे. जुने संगणक असतील तर एका टोकाला १ व ३ आणि २ व ६ या तारांची अदलाबदल करायची. कारण एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानात जायला हवं, तोंडात नव्हे. नवी यंत्रं बहुधा हे आपलं आपण जुळवून घेतात. मग एकाला १९२.१६८.१.१ आणि दुसऱ्याला १९२.१६८.१.२ असा पत्ता द्यायचा, फोल्डर शेअर करायचं. झालं! वायर १०० मीटरपर्यंत चालते, म्हणजे वाडा असला तरी पुरे.

"पेन ड्राइव्ह आहे की," पुतण्या म्हणतो. आहे ना. पण त्यात दर वेळी नवी प्रत होते, आणि महिन्याभराने सुधारलेली कोणती हेच कळत नाही. आईच्या जात्यावरच्या ओव्या मी टंकून ठेवल्या आहेत. त्यांची फाइल एकच आहे. मी या खोलीत शब्द दुरुस्त करतो, नात त्या खोलीत तोच वाचते. आईचे शब्द कुणा कंपनीच्या अटींवर का ठेवायचे?

शाळेत आम्ही मुलांच्या हातात सेल, तार आणि बल्ब द्यायचो. दिवा लागला की विजेची भीती जायची. संगणकाच्या तासालाही प्रत्येक मुलाने अशी एक वायर स्वतः बनवावी, असं मला मनापासून वाटतं. नाहीतर बटणं दाबता येतील, पण आत काय चाललंय ते कळणार नाही.

असो. घरात दोन संगणक असतील तर करून पाहा, आणि जमलं का ते नक्की कळवा.