जयंतीचा डीजे परवडतो, मग साउंडचं शिक्षण का नाही?



आमच्या वस्तीत एक ढोलकीवादक आहे. दिवसा कुरिअरची डिलिव्हरी, रात्री गायन पार्टी. बी.ए. झालेला. गेल्या महिन्यात बैठकीत म्हणाला, "ताई, मला संगीत तंत्रज्ञानाचं पोस्ट ग्रॅज्युएशन करायचंय. ऑनलाइन, पार्ट टाइम." मंडळाच्या एका ज्येष्ठांनी तिथंच उडवून लावलं, "ही श्रीमंतांची थेरं. तलाठ्याची परीक्षा दे." सगळे हसले. तोही हसला. त्या हसण्याचा राग आला म्हणून लिहितेय.

आपली चळवळ गाण्यावर वाढली. भीमराव कर्डकांचे जलसे, वामनदादा, विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे. गळा आपला, शब्द आपले, ऐकणारेही आपलेच. पण रेकॉर्डिंगच्या काचेपलीकडे मिक्सरवर कोण बसलं होतं? मास्टर टेप कुणाच्या कपाटात राहिली? कॅसेटच्या काळात कितीतरी गायकांनी एकरकमी पैसे घेऊन कागदावर सह्या केल्या. कागदात काय लिहिलंय हे वाचून दाखवणारं कुणी नव्हतं.

2012 साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. ध्वनिमुद्रणात वापरलेल्या गीताच्या आणि चालीच्या रॉयल्टीतला वाटा आता गीतकार-संगीतकाराला लिहून देऊन टाकता येत नाही. गायक-वादकांचाही हक्क मान्य झाला. पण हक्क कागदावर असून भागत नाही. गाणं ऑनलाइन चढवताना गीतकार कोण, संगीतकार कोण, वाटा किती, रेकॉर्डिंगचा आयएसआरसी क्रमांक कोणता, ही माहिती नीट भरली नाही तर पैसा भलतीकडेच जातो. ही माहिती भरणारा माणूस आपल्यातला नको का?

आणि जुन्या कॅसेट? घराघरातल्या पत्र्याच्या पेट्यांत त्या बुरशीनं खराब होताहेत. त्या डिजिटल करायच्या तर प्लेअरच्या हेडचा कोन टेपशी जुळवावा लागतो, नाहीतर आवाजातली धार जाते. 24 बिटमध्ये उतरवून घ्यायचं, मग 50 हर्ट्झची विजेची घरघर काढायची, पण गायकाचा श्वास राहू द्यायचा. मोबाइल स्पीकरसमोर धरून हे होत नाही. हा आपल्या इतिहासाचा दस्तऐवज आहे, आणि तो वाचवायला शिकलेला कान लागतो.

"मग पूर्णवेळ शिक की." कसा शिकणार? एप्रिलमध्ये जयंतीचे कार्यक्रम, पुढे लग्नसराई, ऑक्टोबरात धम्मचक्र प्रवर्तन दिन, मग 6 डिसेंबर. वर्षाची कमाई या तारखांवर. पुण्याच्या एफटीआयआयमध्ये ध्वनीचं उत्तम शिक्षण आहे, पण तिथं पूर्णवेळ राहायचं तर घर कोण चालवणार? नोकरी करून शिकणं कमी दर्जाचं मानणाऱ्यांनी आठवावं, की बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं 1946 साली सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं ते सकाळच्या वर्गांनी, कामावर जाणाऱ्या पोरांसाठी.

सरकारचंही तेच. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती परदेशात जाऊन शिकणाऱ्यालाच, तीही 35 वर्षांच्या आत. त्यात 2022 साली भारतीय संस्कृती, इतिहास आणि समाज यांवरचे विषयच वगळले. म्हणजे आपल्या शाहिरीवर कुणी संशोधन करू म्हटलं तर दार बंद. परदेशी विद्यापीठांचे संगीत तंत्रज्ञानाचे ऑनलाइन पदव्युत्तर अभ्यासक्रम आज आहेत. पण फी डॉलरमध्ये, आणि घरी बसून शिकणाऱ्याला ही शिष्यवृत्ती नाही. ज्याला घर सोडता येत नाही त्यालाच वगळायचं, ही कुठली समता?

ऑनलाइन शिक्षणात सगळं गोड आहे असंही नाही. दहा बाय दहाच्या खोलीत कुकरची शिट्टी, शेजारचा टीव्ही आणि बाळाचं रडणं चालू असताना मिक्सिंग कसं ऐकणार? म्हणून विहाराची एक खोली हवी. जाड पडदे, एक जुना पण चालणारा संगणक, बरे हेडफोन. ऑडॅसिटी, आर्डोर ही मुक्त सॉफ्टवेअर आहेत, सराव त्यावर होतो.

पैसा कुठून आणायचा? जयंतीच्या एका रात्रीच्या डीजेचं बिल काढा. भिंतीएवढे स्पीकर भाड्यानं आणतो, म्हाताऱ्यांच्या छातीत धडधड होईपर्यंत वाजवतो, आणि सकाळी पैसे दुसऱ्याच्या खिशात. जयंती बंद करा असं मी म्हणत नाही. स्पीकरची एक रांग कमी करा.

पुढच्या रविवारी मंडळाची बैठक आहे. मी गेल्या तीन वर्षांच्या डीजेच्या पावत्या घेऊन जाणार आहे, आणि ढोलकीवाला त्याच्या कोर्सचं फीपत्रक. ज्येष्ठांनीही यावं. यावेळी हसण्याआधी बेरीज करू.