तार नको, घरटं राहू द्या

मागच्या मार्चमधली गोष्ट. आमच्या विंगच्या व्हरांड्यात कपडे वाळत घालायच्या तारेला कचऱ्याची एक पुरचुंडी लोंबत होती. टॉवेल टाकायला अडचण होते म्हणून सफाईच्या मामांना "काढून टाका" असं मीच सांगितलं. झाडूच्या एका फटक्यात ती खाली आली आणि आतली दोन इवलीशी अंडी फुटली. तो कचरा नव्हता, जांभळ्या शिंजीराचं घरटं होतं.

मग मी त्या घरट्याचे तुकडे नीट पाहिले. वाळकी पानं, सालपटं, गवत आणि हे सगळं बांधून ठेवणारं कोळ्याचं जाळं. ना खिळा, ना सिमेंट! दारावर चक्क छज्जा, आत मऊ कापूस. आणि हे सगळं मादी एकटीच बांधते. आपल्याला चार वर्षं शिकून असं जमेल का, सांगा बरं!

टीव्हीवर न्यू गिनीच्या डोंगरी वर्षावनातले हनीईटर पक्षी दाखवतात, तेव्हा आपण "वा, काय चीज आहे!" म्हणतो. फुलातला मध पिण्याचंच काम आपला शिंजीर बीडच्या उन्हात करतो. दोघांचं जवळचं नातं नाही, पण काम एक म्हणून चोच दोघांचीही बाकदार. हनीईटरच्या जिभेला टोकाशी ब्रश, शिंजीराची जीभ नळीसारखी. प्रॉब्लेम एक, डिझाइन दोन! बालाघाटाच्या डोंगरात पळस फुलतो तेव्हा हा पठ्ठ्या तिथे हजर असतो. मध पिता पिता फुलाफुलांवर पराग पोचवतो. पिल्लांना मात्र किडे आणि कोळी भरवतो, म्हणजे फुकटची कीटकनाशक सेवाच.

काहीजण म्हणतील, व्हरांड्यात घाण होते, परीक्षेच्या दिवसांत चिवचिवाट होतो. मान्य. पण आपल्या रूममधल्या स्पीकरपेक्षा तो आवाज कमीच आहे. अंडी उबवायला साधारण पंधरा दिवस, पिल्लं उडायला जवळपास तेवढेच. म्हणजे प्रश्न फक्त महिनाभराचा आहे.

यंदा त्याच तारेला पुन्हा कोळ्याचं जाळं आणि दोन-चार काड्या दिसायला लागल्यात. माझं म्हणणं एवढंच, की टॉवेल खिडकीत वाळवू. मामांना मी आधीच सांगितलंय. रेक्टर सरांनाही विनंती आहे, रंगरंगोटी जूनमध्ये काढावी.

मागच्या वर्षीची ती दोन अंडी काही परत येणार नाहीत. निदान यंदाची दोन तरी उडून जाऊ देत.