शांतता मागणारा देशद्रोही?

इ.स.पू. ४२५. अथेन्स-स्पार्टा युद्धाचं सहावं वर्ष. शेतकरी तटबंदीच्या आत कोंडलेले, साथीत हजारो गेलेले. अशात अ‍ॅरिस्टोफेनिसच्या 'अकार्नियन्स' नाटकातला शेतकरी म्हणतो, दोष एकट्या स्पार्टाचा नाही. आणि स्वतःपुरता तह करून मोकळा होतो! आदल्या वर्षीच्या नाटकावरून क्लिऑनने लेखकावर आरोप केले होते. तरी याला पहिलं बक्षीस मिळालं.

त्याच वर्षी स्पार्टाने तह देऊ केला. क्लिऑनचं ऐकून अथेन्सने झिडकारला. ४०४ मध्ये शरणागती आली, तटबंदीही पाडावी लागली.

मला विचाराल तर अथेन्सला शांतता मागणाऱ्यांनी बुडवलं नाही. बोलू दिलं, हे मोठंच. पण नाटकाला टाळ्या आणि युद्धाला मत, असं केलं की निष्पत्ती हीच. ऐकायचंच नसेल तर बोलू देऊन काय उपयोग?