परत फिरलेला एक
नीटचा निकाल लागला की लातूरच्या ट्युशन एरियात आणि तिकडे नांदेडातही रातोरात फ्लेक्स चढतात. गुलाल, पेढे, ठळक आकड्यांत गुण. एकाच पोरावर दोन-दोन क्लासवाले हक्क सांगतात. पहाटे उठून त्याचा डबा भरणाऱ्या मेसच्या मावशी मात्र कुठल्याच फ्लेक्सवर नसतात. लूकच्या शुभवर्तमानात, 17व्या अध्यायात, येशू दहा कुष्ठरोग्यांना बरं करतो. आभार मानायला परत येतो एकच, तोही परका समजला गेलेला शोमरोनी. उरलेले नऊ काही दुष्ट नव्हते; बरं झाल्याच्या आनंदात पुढं निघून गेले, एवढंच. यश माणसाला असंच पुढं पळवतं. पण सगळ्यांनाच नाही. पंडिता रमाबाईंना 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं. पुढं ख्रिस्ती झालेल्या या बाईंनी ती विद्या मिरवली नाही. दुष्काळात निराधार झालेल्या मुलींना केडगावला आसरा दिला आणि उतारवयात साध्यासोप्या मराठीत बायबल आणण्यासाठी हिब्रू-ग्रीकचा अभ्यास कामी लावला. जे मिळालं ते देवाची देणगी मानलं, की मान आपोआप झुकते. मिळालेल्याची किंमत ओळखणं आपल्याला नवं नाही. 2016च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा घागरीची किंमत लातूरला कळलीच होती. म्हणून होऊ घातलेल्या डॉक्टरसाहेब, पेढ्यांचा पहिला पुडा घेऊन आधी मेसचा जिना चढा. त्या दहांतला दहावा व्हा.